डिंकीचे कागद

६ जानेवारी

चि. ठकूस मामाचे आशीर्वाद.

तुझं पत्र पोचलं. फोन करत नाहीस ते बरं करतेस. फोनवर मला निम्मं ऐकू येत नाही आणि उरलेल्या निम्म्याची मी आठवडाभर काळजी करत बसतो. कागद पुन्हा पुन्हा वाचता येतो. माझं शिक्षण पाचवीपर्यंत, तेव्हा अक्षर आणि चुका पोटात घाल.

डिंकी कशी आहे म्हणून विचारलंस. आज तरी आहे. परवा नगरपालिकेचा माणूस आला, माझ्याकडूनच वाटीभर खळ मागून घेतली आणि माझ्याच पुस्तकबांधणीच्या दुकानाच्या शटरवर नोटीस चिकटवून गेला. मी आपला देऊन बसलो, मला काय माहीत कसली नोटीस. बाजाराच्या हद्दीतली बेवारस कुत्री उचलून गावाबाहेरच्या पिंजऱ्यात नेणार. गाडी दर मंगळवारी. गळ्यात बिल्ला असेल त्याला सोडणार. बिल्ल्याला राहतं घर लागतं, दुकान चालत नाही. राहतं घर म्हणजे माझ्या मुलाचं, तुझ्या दादाचं, पाचव्या मजल्यावर, आणि त्या इमारतीत जनावर ठेवायला बंदी आहे. मी म्हातारा त्यांना चालतो हेच पुष्कळ.

त्या पिंजऱ्यात तीन पायांच्या कुत्रीचं काय होणार ते सांगायला ज्योतिषी नको. दोन चांगली दांडगी कुत्री खाण्यावर तुटून पडली की ही कोपऱ्यात.

तू तुझ्या आईच्या शेवटच्या दिवसांत आली होतीस तेव्हा हीच दुकानाच्या पायरीवर तुझ्या मांडीत डोकं ठेवून पडायची. तेव्हाच तू तिचं नाव ठेवलंस, पुठ्ठ्यावरची खळ चाटते म्हणून. तेव्हापासून मी खळीत मोरचूद घालत नाही, विष असतं ते. पुस्तकांना कसर लागते, पानं कुरतडते आणि गिऱ्हाईकं माझ्या नावाने बोंब मारतात, पण ते राहू दे.

आता लिहितेस की तिकडे पाठव, आम्ही दत्तक घेतो. कुत्रं विमानात बसतं हे मला ठाऊक नव्हतं. मी स्वतः कधी बसलो नाही. तुझ्या लग्नाला पासपोर्ट काढून ऐन वेळी मी घाबरून घरीच राहिलो, ते तू अजून काढतेस. तुमचं अंगण मोठं, जावईबापूंनाही हौस आहे म्हणतेस, तर माझी ना नाही. नियम काय आहेत ते मोठ्या अक्षरात लिही. लवकर लिही. मंगळवार दर आठवड्याला येतो.

तुझा मामा


१९ जानेवारी

मामा,

नमस्कार. मोठ्या अक्षरात लिहितेय, नंतर दिसलं नाही म्हणू नकोस.

आधी जनावरांच्या डॉक्टरकडून तिच्या मानेत चिप बसवायची. तांदळाएवढी असते, आत आकडा असतो, दुखत नाही. त्यानंतर पिसाळण्याविरुद्धची लस. हा क्रम उलटा झाला तर लस धरत नाहीत. मग तीस दिवस थांबायचं आणि रक्त तपासायला पाठवायचं. रक्त काढल्या दिवसापासून तीन महिने पुन्हा थांबायचं. मग सगळे कागद घेऊन तुझ्या तिथल्या कचेरीत परवानगीचा शिक्का. शेवटी निघण्याआधी दहा दिवसांच्या आत डॉक्टरचा दाखला. मग तिला विमान कंपनीच्या हवाली करायचं, इथे मी उतरवून घेईन.

मलाही वाचून राग आला. इथे मी ज्या वृद्धाश्रमात काम करते तिथे माणूस दाखल करायला एवढे कागद लागत नाहीत. पण रागावून भागणार नाही. तोवर तिला मंगळवारी शटरच्या आत ठेव.

सोबत दत्तक घेणाऱ्याचा फॉर्म सही करून पाठवतेय. आणि मामा, एक गोष्ट. कागद जपून ठेव. एक जरी हरवला तरी पहिल्यापासून सगळं. तुझ्या दुकानात रद्दीचा डोंगर असतो, त्यात जाऊ देऊ नकोस.

ठकू


१० एप्रिल

चि. ठकूस आशीर्वाद.

चिप झाली, लस झाली, सहा मार्चला रक्त काढलं, आता रक्ताचा अहवालही आला. चांगला आहे. डॉक्टर म्हणाला, तुमच्यापेक्षा हिची तब्येत ठणठणीत. मी म्हणालो, तिला काळज्या नाहीत.

डॉक्टरच्या वहीत तिचं पान चार वर्षांपासून आहे, पाय गेला तेव्हापासून. त्यात ‘आणणारा’ म्हणून माझं नाव आणि ‘मालक’ हा रकाना कोरा. या खेपेला त्याने पुन्हा विचारलं, मालक काय लिहू. मी म्हणालो, लिहू नका, रस्त्याची आहे. मालक झालं की उद्या ती कोणाला चावली तर पोलीस माझ्या दारात. अजून चावलेली नाही, पण चावायला वेळ लागतो का?

मंगळवारचं विचारू नकोस. गाडीचा आवाज आला की मी शटर अर्धं ओढतो आणि आत दिवा लावून शिलाई करतो. गिऱ्हाईक वाकून आत बघतं. मागच्या खेपेला गाडीवाला वाकला. म्हणे आजोबा, आत कुत्रं आहे का? मी म्हणालो, रजिस्टरं आहेत. डिंकी रजिस्टरांच्या गठ्ठ्यामागे होती आणि हूं की चूं केलं नाही. तुझ्या दादापेक्षा समजूतदार आहे.

कागदांची काळजी सोड. तू म्हणालीस जपून ठेव, तर मी असे जपले आहेत की सरकार बघत राहील. सुटे कागद म्हणजे हलणारे दात, कधी कुठे पडतील नेम नाही. मी सगळे क्रमाने लावले, शिवले, लाल कापडाची पाठ दिली, पुठ्ठा चढवला आणि मशीनवर तिन्ही कडा एकसारख्या कापून घेतल्या. डॉक्टरचा कागद मोठा, प्रयोगशाळेचा लहान, तुझा तिसराच, दिसायला कसं गबाळं दिसत होतं. आता पुस्तक झालं. वर सोनेरी अक्षरात ‘डिंकी’ घातलं.

एक अडचण आहे. कचेरीच्या खिडकीवर नुसतं विचारायला गेलो होतो. ते म्हणाले, दत्तक घेणाऱ्या घरातल्या सगळ्या मोठ्या माणसांची सही लागते. तुझी एकच आहे. जावईबापूंची सही करून फॉर्म पुन्हा पाठव. पाकिटावर तुझा पत्ताही बदललेला दिसला. अजून मोठं घर घेतलंत काय? कळवलं नाहीस.

तुझा मामा


२५ एप्रिल

मामा,

पत्ता बदलला आहे खरा. सावकाश सांगेन.

त्याच्या सहीचं राहू दे. तो कामासाठी सारखा बाहेर असतो. खिडकीवर सांग की एकच सही येईल, माझ्या नावावर कुत्री येणार आहे, मी कमावते, मीच फिरवून आणणार. नाही ऐकलं तर त्यांच्या साहेबाला भेट. तू त्यांची रजिस्टरं बांधतोस, तुला ओळखत असतील.

तुझं पुस्तक बघायची उत्सुकता आहे. नुसतं शिवलंस ना? बाकी काही केलं नाहीस ना? कडा कापल्या म्हणालास त्या किती कापल्या?

ठकू


२० जून

चि. ठकूस,

तुझ्या पत्राला उत्तर दिलं नाही. द्यायला तोंड नव्हतं. आज देतो, कारण आता राग लाजेपेक्षा मोठा झाला आहे.

तीन महिने भरले. नऊ तारखेला आंघोळ करून, धुतलेला सदरा घालून पुस्तक घेऊन खिडकीवर गेलो. चष्मेवाले साहेब बसले होते. त्यांनी पुस्तक उलटंपालटं केलं, माझ्याकडे बघितलं आणि विचारलं, हे कापलं कोणी? मी मोठ्या अभिमानाने म्हणालो, मीच. मग त्यांनी बोट ठेवून दाखवलं. चिपच्या चिकटपट्टीवरचे शेवटचे तीन आकडे नाहीत. प्रयोगशाळेचा गोल शिक्का अर्धा. डॉक्टरच्या सहीखालचा नोंदणी क्रमांक गेला. एक बोटभर कड, ठकू. पन्नास वर्षं मी प्रत्येक पुस्तकाची बोटभर कड कापत आलो. कडेला कोणी काही लिहीत नाही. या लोकांनी जे काही महत्त्वाचं ते सगळं कडेला लिहिलं.

मी दुकानात येऊन कातरणाची दोन पोती जमिनीवर ओतली. रद्दीवाला आला नव्हता हे नशीब. दोन दिवस चाळत बसलो. डिंकी पट्ट्यांवर लोळायची, तिच्या अंगाला चिकटून एक सापडली. सगळ्या सापडल्या. कडेला कड लावून मागून पातळ कागद देऊन जोडल्या. उन्हात धरलं तरी सांधा दिसणार नाही असं काम केलं. एवढं नीट काम मी उमेदीतही केलं नसेल.

पुन्हा गेलो. साहेबांनी पान दिव्यासमोर धरलं. बराच वेळ धरलं. मग म्हणाले, ‘इतकं सफाईदार चिकटवणारा साधा माणूस नसतो. हे कागद बनावट धरावे लागतील.’

म्हणजे कापलं तर अपुरं, जोडलं तर बनावट, आणि वाईट जोडलं असतं तर कदाचित चाललं असतं. माझ्या डोक्यात तिडीक गेली. तिसऱ्या दिवशी मी डिंकीलाच दोरी बांधून घेऊन गेलो. दोन मैल तीन पायांवर चालली ती. खिडकीसमोर उभी केली आणि म्हणालो, ‘कागद खोटे असतील, कुत्री खरी आहे. तिच्या मानेत तुमचाच आकडा आहे. यंत्र लावा आणि वाचा.’

ते म्हणाले, ‘आजोबा, आम्ही कुत्री तपासत नाही. आम्ही कागद तपासतो.’

आणि रजिस्टर उघडून लिहिलं, अमान्य. ते रजिस्टर मी बांधलेलं आहे. शिलाई माझी, पाठ माझी, आत मला शिवी.

डॉक्टरने आणि प्रयोगशाळेने नकला द्यायचं कबूल केलं आहे, पाच आठवडे लागतील म्हणतात. घोडं मेलं ओझ्याने आणि शिंगरू मेलं हेलपाट्याने.

आणि तू. दुसऱ्या सहीचं मी साहेबांना तुझ्या शब्दांत सांगितलं. ते हसले. म्हणाले, नवऱ्याला ठाऊक तरी आहे का? मी मान खाली घातली. जावईबापूंना दोन मिनिटं सही करायला मिळत नसतील तर कुत्रीला सांभाळणार कसे ते लोक? हौस होती ना त्यांना? मी इथे सगळ्या बाजारात हसं करून घेतोय आणि तुम्हाला एक सही जड झाली. तुझ्या आईने तुला असं बेजबाबदार वागायला शिकवलं नव्हतं.

तुझा मामा


२ जुलै

मामा,

मी कागद जपून ठेव म्हणाले होते. कापून ठेव म्हणाले नव्हते.

हे लिहून घेतलं, आता बरं वाटलं. पुढचं ऐक.

सही हवी ना तुला? सही करणारा इथे नाही. मागच्या ऑक्टोबरात गेला. भांडण नाही, आदळआपट नाही, एका सकाळी आपल्या दोन बॅगा आणि भिंतीवरचं घड्याळ घेऊन गेला. घड्याळ माझं होतं. मोठं घर सोडलं. आता तिसऱ्या मजल्यावर एक खोली आहे. अंगण आहे म्हणाले ते खिडकीतून दिसतं, दुसऱ्याचं आहे. ही खोली बघायला आले तेव्हा घरमालकिणीला पहिला प्रश्न विचारला, कुत्रं चालेल का? भाडं त्यानंतर विचारलं. चालेल म्हणाली.

आई असती तर तिला सांगितलं असतं. तुला सांगितलं नाही, कारण तू काळजी करतोस, आणि तू काळजी करायला लागलास की ती सगळ्या घराला करावी लागते. दिवसभर मी वीस म्हाताऱ्यांना जेवू घालते, आंघोळी घालते, त्यांच्या मुलांच्या खोट्या चिठ्ठ्या वाचून दाखवते. घरी येते तेव्हा दाराच्या आत कोणी नसतं. मला वाटलं, तिथे ती कुत्री मरणार, इथे मी अशी. एकीचं दुसरीला होईल. आता तू आईचं नाव घेऊन मला बेजबाबदार म्हण.

आणि तुझ्या पाच आठवड्यांचंही सांगते. पंधरा जुलैपासून नियम बदलतोय. रस्त्यावरचं जनावर दत्तक म्हणून पाठवायचं तर नोंदणी झालेल्या संस्थेमार्फतच, तिथे सहा महिने राहिलेलं असलं पाहिजे. एकट्या माणसाने पाठवलं तर ते व्यापार धरणार. व्यापार. जशी काही आपण तीन पायांच्या कुत्र्यांची पेढी काढणार होतो. फक्त मालकाचं स्वतःचं जनावर, मालकाच्या बरोबर येत असेल, तर जुने नियम.

नकला पंधराच्या आत आल्या तर ठीक. नाहीतर सोडून दे. तिला कुठेतरी दूर शेतात वगैरे सोडता येईल का बघ. मला कळवू नकोस कुठे ते.

ठकू


२४ जुलै

चि. ठकूस,

नकला अठराला आल्या. तीन दिवसांनी चुकलं. ती बोटभर कड माझ्या जन्माला पुरेल.

तुझं पत्र मी पाच वेळा वाचलं. पहिल्यांदा जावयावर संतापलो. मग तुझ्यावर, नऊ महिने मला अंगण दाखवत राहिलीस म्हणून. मग माझ्यावर, ते शेवटपर्यंत टिकलं. ज्याला पाकिटावर पत्ता बदललेला दिसतो त्याला पुढचं दिसू नये? आणि बेजबाबदार म्हणालो ते मागे घेतो. आईचं नाव घेतलं तेही.

शेतात सोडणार नाही. तिला शेत माहीत नाही, तिला पुठ्ठा माहीत आहे.

एकोणीसला मी डॉक्टरकडे गेलो आणि म्हणालो, मालकाचा रकाना काढा. तो म्हणाला, चावली तर? मी म्हणालो, आता मीच चावेन. चार वर्षांच्या नोंदी ‘आणणारा’ म्हणून माझ्याच नावावर आहेत, तेव्हा त्याला लिहायला काही हरकत वाटली नाही. रकान्यात माझं नाव लिहिलं. मी वाचून बघितलं, दोनदा.

मग खिडकी. चष्मेवाल्या साहेबांनी नव्या नकला बघितल्या. बोट फिरवून चारी कडा तपासल्या, एकदा माझ्याकडे बघून. म्हणाले, मालक असाल तर दत्तकाचा फॉर्म नको, दुसरी सहीही नको. पण मालकाने जनावराबरोबर जायचं. आणि एक हमीपत्र, की तिकडे पोचल्यावर सहा महिने हे जनावर कोणाला विकणार नाही, देणार नाही, सोडून येणार नाही.

मी म्हणालो, म्हणजे भाचीकडे न्यायची पण भाचीला द्यायची नाही? ते म्हणाले, सहा महिने नाही. मी म्हणालो, मग सहा महिने मी काय करायचं? ते म्हणाले, ते नियमात नाही.

ठकू, आयुष्यात मला एवढा राग आला नव्हता. माणसाला दारात जाऊ देतात, बसू देत नाहीत, उठूही देत नाहीत. रागारागात मी घरी आलो, पेटी उघडली आणि तुझ्या लग्नासाठी काढलेला पासपोर्ट शोधला. अजून दोन वर्षं चालतो. फोटोत मी घाबरलेला दिसतो, पण केस आहेत.

तुझ्या दादाला सांगितलं. तो म्हणाला, ‘बाबा, ठकूच्या लग्नाला गेला नाहीत आणि कुत्रीसाठी विमानात बसणार?’ मी पासपोर्ट खिशात घातला.

तू नाही म्हणालीस तर मी रागावणार नाही. खोली एकच आहे. मी रात्री खोकतो, पहाटे उठतो आणि दिसेल त्याची कड सरळ करतो. विचार करून लिही.

तुझा मामा


६ ऑगस्ट

मामा,

विचार केला. ये.

जिना तीन मजल्यांचा आहे आणि अरुंद आहे. कठड्याला धरून ये. डिंकीला मी उचलेन. तुला उचलणार नाही.

गादी आणली आहे. घरमालकिणीला सांगितलं की कुत्रं येतंय आणि बरोबर त्याचा मालक. ती म्हणाली, मालक चावतो का? मी म्हणाले, हल्ली हल्ली.

सोबत निमंत्रणाचं पत्र आहे, तुझ्या इकडे येण्याच्या परवान्यासाठी. त्यावर शिक्का आहे. कडेला आहे.

ठकू


३० ऑगस्ट

चि. ठकूस आशीर्वाद.

डिंकीच्या कागदांना सात महिने लागले. माझा परवाना दहा दिवसांत आला, आणि माझं रक्त कोणी मागितलं नाही. पिसाळलेला मी नसेन कशावरून? पण विचारलं नाही, हो म्हणून हातात दिला. आता तो सहा महिन्यांचाच आहे, त्यांचे सहा आणि हमीपत्रातले सहा मोजून बघितले, एक दिवस इकडे तिकडे होतो का याची मला झोप नाही. तू तिथे पुन्हा मोज.

डॉक्टरचा दाखला काल झाला. तिची पेटी मीच बनवली. नियम असा की तिला आत उभं राहता आलं पाहिजे आणि वळता आलं पाहिजे. तिला टेबलावर उभी करून रजिस्टर मोजतो तशी मोजली. लाकूड लागलं, नुसता पुठ्ठा चालत नाही. आतून मात्र पुठ्ठा लावला आहे, तिला वास ओळखीचा हवा. पेटी विमानाच्या पोटात जाणार आणि मी वर. तिने खाली ओरडायला सुरुवात केली तर मला ऐकू येईल का? मला तर समोरच्याचंही येत नाही. कोणाला तरी सांगून ठेवावं लागेल.

दुकानाची किल्ली तुझ्या दादाकडे दिली. पेटीला वर धरायची मूठ त्याने बसवून दिली. कचेरीने शेवटची दहा रजिस्टरं बांधायला पाठवली होती. बांधली. एकाचीही शिलाई सैल सोडली नाही, हात धजावला नाही. पण खळीत मोरचूद याही खेपेला घातला नाही. त्यांना कसर लागो.

विमान मंगळवारचं आहे; हे पत्र माझ्यामागून पोचेल, तेव्हा उतरायची वेळ तुझा दादा फोनवर कळवेल. पिंजऱ्याची गाडी येईल तेव्हा शटर पूर्ण खाली असेल, वाकून बघायला काही उरणार नाही.

सगळे कागद एका पिशवीत घेतले आहेत. सुटे आहेत. शिवले नाहीत, कापले नाहीत. एक मोठा, एक लहान, तुझा तिसराच, कडा सगळ्या खालीवर. पिशवी उघडली की दिसतात, आणि मला ते बघवत नाही. हात लावलेला नाही.

तुझा मामा